शंखपुष्पीचा अर्क उंदरांवर तपासताना: चिंता आणि नैराश्याच्या चाचण्यांविषयी एका विद्यार्थिनीला उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही धुळे जिल्ह्यात एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहात. गावाकडच्या कपाशीच्या बांधावरून शंखपुष्पी आणून तिचा ७० टक्के अल्कोहोलमधला अर्क काढायचा आणि तो १००, २०० आणि ४०० मिलिग्रॅम प्रति किलो या मात्रांत उंदरांना देऊन चिंता व नैराश्यावरचा परिणाम पाहायचा, असा बेत आहे. प्रत्येक गटात ६ उंदीर आणि प्राण्यांचं काम एप्रिलमध्ये. कोणत्या चाचण्या घ्याव्यात आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीच्या अर्जात काय लिहावं, असं तुम्ही विचारलं आहे.

चाचण्यांकडे येतोच, पण सुरुवात बांधापासून करावी लागेल. तुमच्या बेतातली सगळ्यात कच्ची जागा तीच आहे.

आपल्याकडे मुरमाड माळावर आणि बांधावर पसरलेली, बारीक लोकरीसारखी लव असलेली, इवल्या निळ्या फुलांची जी वनस्पती लोक शंखपुष्पी म्हणून दाखवतात, ती बहुतेक वेळा विष्णुक्रांता असते, म्हणजे इव्होल्वुलस अल्सिनॉइडिस. आयुर्वेदिक फार्माकोपियातली शंखपुष्पी म्हणजे कॉन्व्होल्वुलस प्लुरिकॉलिस. तिची फुलं पांढरी ते फिकट गुलाबी असतात. केरळात तर गोकर्णालाच शंखपुष्पी मानतात. तेव्हा फुलावर आलेला नमुना दाबून, वाळवून पुण्याच्या बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या केंद्राकडून ओळख पटवून घ्या आणि हर्बेरियम क्रमांक, म्हणजे तिथे जपलेल्या नमुन्याचा नोंदणी क्रमांक, प्रबंधात द्या. विष्णुक्रांता निघाली तरी बिघडत नाही, त्याच नावाने काम करा. या दोन्ही वनस्पतींवर उंदीरवर्गीय प्राण्यांमधले चिंतेविषयीचे अभ्यास आधीच प्रसिद्ध झालेले आहेत, त्यामुळे ‘प्रथमच’ हा शब्द प्रबंधात नको. एचपीटीएलसीवर, म्हणजे अर्कातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या तपासणीत, स्कोपोलेटिन या घटकाचा डाग दिसला म्हणजे ओळख पटली, असंही धरू नका. ते दोन्हींत सापडतं.

ओळखीपेक्षाही मला काळजी वाटते ती फवारणीची. कपाशीच्या बांधावरची वनस्पती म्हणजे हंगामभर क्लोरपायरिफॉस, इमिडाक्लोप्रिड यांसारख्या कीटकनाशकांचे तुषार अंगावर घेतलेली वनस्पती. यातली ऑर्गनोफॉस्फरस औषधं अ‍ॅसिटिलकोलीनएस्टरेज या विकराला अडवतात, म्हणजे थेट मज्जासंस्थेवरच काम करतात. पाल्यावर राहिलेला अंश अल्कोहोलात उतरतो आणि अर्क आटवताना आणखी घट्ट होतो. मग उंदीर मंदावला किंवा बिथरला तर ते शंखपुष्पीमुळे की फवारणीमुळे, हे कोणतीही चाचणी सांगू शकणार नाही. आपल्याकडे कपाशी, केळी आणि मका यांच्या पट्ट्यात हा धोका खरा आहे, आणि प्रबंधांमध्ये त्याचा उल्लेखही क्वचित दिसतो. शेतीपासून लांबचा पडीक माळ शोधा आणि कीटकनाशक अवशेषांची तपासणी करून घ्या. यावल किंवा गौताळा अभयारण्याच्या हद्दीतून मात्र काही उचलू नका, तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीही गोळा करता येत नाही. एखाद्या पावरा किंवा भिल्ल वैदूने वनस्पती दाखवली असेल आणि तिचा उपयोग सांगितला असेल, तर त्यांना विचारून तसं नोंदवा. माहितीचा उगम त्यांच्याकडे आहे.

अर्काबद्दल एकच गोष्ट, पण महत्त्वाची. ७० टक्के अल्कोहोलचा अर्क वॉटर बाथवर आटवून ‘चिकट गोळा झाला’ म्हणून थांबतात, आणि त्यात अल्कोहोल उरलेलं असतं. अल्कोहोल स्वतःच गाबा-ए रिसेप्टरवर, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशींना शांत करणाऱ्या ग्राहकावर, काम करून उंदराची चिंता कमी करतं! म्हणजे तुमची चाचणी अल्कोहोलची ठरेल. रोटरी इव्हॅपोरेटरवर आटवा, मग व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये ठेवा आणि लागोपाठच्या वजनांत फरक पडेनासा होईपर्यंत वजन घेत राहा. अर्क किती टक्के निघाला याची नोंद ठेवा, लगेच लागणार आहे.

ती लागते मात्रा ठरवताना. १००, २००, ४०० हे आकडे एका प्रबंधातून दुसऱ्यात उतरत आले आहेत, ते कुठून आले हे कोणी विचारत नाही. हिशेब करून बघू. शंखपुष्पी चूर्णाची रूढ मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम. समजा माणूस ५ ग्रॅम घेतो आणि तुमचा अर्क १० टक्के निघाला. म्हणजे ५०० मिलिग्रॅम अर्क. ६० किलोच्या माणसाला तो किलोमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम पडला. शरीराच्या पृष्ठभागानुसार माणसाची मात्रा लहान उंदरासाठी, म्हणजे माइससाठी, १२.३ पट धरतात आणि रॅटसाठी ६.२ पट. ८.३ गुणिले १२.३ म्हणजे सुमारे १०२ मिलिग्रॅम प्रति किलो. तुमची १०० ची मात्रा माणसाच्या मात्रेशी बरोबर जुळते. ४०० ची मात्रा मात्र माणसाच्या हिशेबात रोज वीसेक ग्रॅम चूर्ण होते, आणि तेवढं कोणी घेत नाही. तेव्हा ५०, १००, २०० असा क्रम मला जास्त पटतो. परिणाम फक्त ४०० वरच दिसला तर त्याचा अर्थ लावणं अवघड जातं. आधी ओईसीडीच्या ४२३ किंवा ४२५ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार तीव्र विषाक्तता तपासा. त्यात २००० मिलिग्रॅम प्रति किलोपर्यंत मृत्यू दिसला नाही म्हणून ‘पूर्ण सुरक्षित’ असं लिहू नका, ती एका वेळच्या मात्रेची चाचणी आहे. अर्क तोंडानेच द्या. कच्चा अर्क पोटाच्या पोकळीत टोचला की आतून जळजळ होते, उंदीर आखडून बसतो, आणि ती निश्चलता तुमच्या आकड्यांत मिसळते.

आता चाचण्या. एक गोष्ट पक्की धरा: यातली कोणतीही चाचणी चिंता किंवा नैराश्य मोजत नाही. ती वागणूक मोजते. वागणूक बदलण्याची कारणं अनेक असतात आणि तुमच्या औषधाचा परिणाम हे त्यातलं फक्त एक. बाकीची कारणं बाजूला काढण्याची सोय प्रयोगाच्या रचनेतच असावी लागते, निकाल आल्यावर ती करता येत नाही.

चिंतेसाठी एलिव्हेटेड प्लस मेझ घ्या. १९८५ मध्ये पेलो आणि सहकाऱ्यांनी रॅटमध्ये तिची प्रमाणता दाखवली, १९८७ मध्ये लिस्टर यांनी माइसमध्ये. जमिनीपासून उंचावर अधिक चिन्हाच्या आकाराचा मंच, दोन हात उघडे, दोन भिंतींचे. माइससाठी प्रत्येक हात साधारण ३० सेंटिमीटर लांब आणि ५ रुंद. उंदराला मध्यभागी उघड्या हाताकडे तोंड करून सोडायचं आणि ५ मिनिटं बघायचं. चारही पाय आत आले तरच ‘प्रवेश’ धरायचा. उघड्या हातांतला वेळ आणि प्रवेश सगळेच मोजतात. पण नीट पाहिलंत तर घाबरलेला उंदीर एक वेगळीच गोष्ट करतो. मागचे पाय भिंतीच्या आडोशाला रोवून तो अंग ताणतो, मान आणि मिशा उघड्या हातावर नेतो, हुंगतो आणि झटकन मागे येतो. चिंता कमी करणाऱ्या औषधाने हे ताणून डोकावणं कमी होतं आणि काठावरून खाली वाकून बघणं वाढतं. या दोन्ही नोंदी घ्या, नुसत्या वेळेपेक्षा त्या बरंच जास्त सांगतात. बंद हातांतले प्रवेश हा तुमचा सावधगिरीचा आकडा. ते घटले असतील तर अर्क गुंगी आणतो आहे, आणि उघड्या हातांतला वेळ वाढलेला दिसला तरी तो चिंता कमी झाल्याचा पुरावा होत नाही.

एका उंदराला या मेझवर एकदाच आणायचं. दुसऱ्यांदा आणला की डायझेपाम या चिंतेवरच्या नेहमीच्या औषधाचाही परिणाम उरत नाही. हे बऱ्याच पूर्वी सिद्ध झालं आहे, तरी ‘पहिला दिवस, सातवा दिवस, चौदावा दिवस’ अशी कोष्टकं अजून छापली जातात. जोडीला लाइट-डार्क बॉक्स (अर्धी उजेडाची, अर्धी अंधारी पेटी) किंवा ओपन फील्ड (मोकळं रिंगण) यांपैकी एक चाचणी घ्या. हालचाल मोजायला अ‍ॅक्टोफोटोमीटर आणि स्नायूंचा तोल बघायला रोटारॉड. शेवटची दोन कोणत्याही परिस्थितीत गाळू नका.

तुलनेसाठी डायझेपाम माइसला १ मिलिग्रॅम प्रति किलो पुरतं. त्याहून वाढवलं की गुंगी दिसू लागते. इथे एक खाच आहे. डायझेपाम ३० मिनिटं आधी पोटात टोचतात आणि अर्क ६० मिनिटं आधी नळीने तोंडावाटे देतात. म्हणजे एका गटाला सुई, दुसऱ्याला नळी, आणि दोन्हींचा ताण वेगळा. प्रत्येक उंदराला दोन्ही मिळालं पाहिजे: अर्काच्या गटाला सलाइनची सुई, डायझेपामच्या गटाला तोंडाने ०.५ टक्के सीएमसी (अर्क ज्यात घोळतात ते औषधविरहित द्रावण), आणि कंट्रोलला दोन्ही. बाजारातल्या बऱ्याच डायझेपाम अँप्यूलमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि अल्कोहोल असतं, लेबल वाचून घ्या आणि तसं असेल तर कंट्रोलच्या सुईतही तेच द्रावण भरा.

नैराश्याच्या चाचण्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. फोर्स्ड स्विम टेस्ट, म्हणजे १९७७ ची पोरसोल्टची चाचणी, आपल्याकडे सवयीने केली जाते. माइसला पाण्यात ६ मिनिटं ठेवून शेवटच्या ४ मिनिटांतली निश्चलता मोजतात. ती निश्चलता म्हणजे हताशपणा, ही मूळ समजूत आज फारशी टिकत नाही. सुटका नाही हे शिकून ताकद वाचवणं, असाही तिचा तितकाच सरळ अर्थ होतो. माणसांत नैराश्याची औषधं परिणाम दाखवायला आठवडे घेतात, इथे एका मात्रेत तासाभरात आकडा हलतो. कॅफिनसारखं उत्तेजकही निश्चलता कमी करतं. शिवाय प्राण्याला होणारा त्रास मोठा आहे, आणि इतर देशांतही या चाचणीवर गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत. मी तुमच्या जागी असतो तर टेल सस्पेन्शन टेस्ट आणि सुक्रोज प्रेफरन्स घेतली असती. पोहण्याची चाचणी मार्गदर्शकांनी आग्रहच धरला तरच, सगळ्यात शेवटी.

टेल सस्पेन्शन १९८५ ची, स्टेरू आणि सहकाऱ्यांची. शेपटीच्या टोकापासून साधारण १ सेंटिमीटरवर चिकटपट्टी लावून ६ मिनिटं टांगायचं. ती फक्त माइसमध्ये करतात. स्विस अल्बिनो चालतात, सी५७ जातीचे मात्र आपल्याच शेपटीवर चढून बसतात. तुलनेला फ्लुऑक्सेटिन किंवा इमिप्रामिन यांपैकी नैराश्यावरचं एक नेहमीचं औषध घ्या.

सुक्रोज प्रेफरन्समध्ये दोन बाटल्या असतात, एकीत साधं पाणी, दुसरीत १ टक्का साखरेचं. सौम्य ताण काही आठवडे दिलेला उंदीर गोड पाण्याची ओढ गमावतो आणि नैराश्याचं औषध आठवडे दिल्यावर ती हळूहळू परत येते. ही गती माणसाच्या आजाराशी जुळते, म्हणून मला ही चाचणी मोलाची वाटते. वेळ खाते, पण जे सांगते ते विश्वासाने सांगते. बाटल्यांच्या जागा अदलाबदल करत राहा, नाहीतर उंदीर चवीऐवजी कोपरा निवडतो.

आता एप्रिलचा विचार सोडून द्या. खानदेशात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत जातो. प्राणीगृह २२ अंशांच्या आसपास, ३ अंश इकडे-तिकडे, असं ठेवायचं असतं. एसी चालू असतो तोवर ते जमतं. वीज गेली, जनरेटर उशिरा लागला, की तासाभरात खोली तापते. तापलेले उंदीर पांगून, पसरून पडतात, खाणं कमी करतात, आणि तुमच्या कंट्रोल गटाचेच आकडे डळमळतात. पाण्याच्या बाटल्यांतली हवा गरम होऊन फुगते आणि नळीतून थेंब गळतात. सुक्रोजची चाचणी तिथेच संपते, कारण गळालेलं पाणी प्यायलेलं म्हणून मोजलं जातं. रिकाम्या पिंजऱ्यावर एक बाटली लावून गळती मोजा. पोहण्याच्या चाचणीला पाणी २३ ते २५ अंशांचं लागतं, आणि गच्चीवरच्या टाकीतून भर दुपारी येणारं पाणी हाताला चटका देतं. तापमान बदललं की निश्चलताही बदलते, तेव्हा प्रत्येक उंदरासाठी नवं पाणी आणि प्रत्येक वेळी थर्मामीटर.

विजेशी जोडलेली आणखी एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. प्राणीगृहात १२ तास उजेड आणि १२ तास अंधार ठेवणारा चकतीचा साधा टायमर वीज गेली की थांबतो. तीन तास वीज नसेल तर उंदरांची सकाळ तीन तासांनी सरकते. काही आठवड्यांच्या भारनियमनात दिवसाची रात्र होऊ शकते आणि नोंदवहीत मात्र ‘सकाळी ९ ते १२ चाचणी’ असंच लिहिलेलं राहतं. बॅटरीचा डिजिटल टायमर घ्या.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बसवा. पावसाळ्यात वनस्पती फुलावर असते तेव्हा गोळा करा, सावलीत वाळवा, बुरशी येऊ देऊ नका, ऑक्टोबरपर्यंत अर्क आणि समितीची मंजुरी हातात असू द्या. उंदीर नोंदणीकृत पैदासकाराकडूनच घ्यावे लागतात, म्हणजे बहुतेकदा पुणे-मुंबईहून. प्रवास रात्रीचा ठेवा आणि आल्यावर निदान एक आठवडा त्यांना स्थिरावू द्या. त्या आठवड्यात रोज हाताळा, आणि शेपटीला धरून उचलण्याची सवय सोडा. हर्स्ट आणि वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवलं की ओंजळीत किंवा नळीत घेऊन उचललेले उंदीर शेपटीने उचललेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी घाबरतात. चिंतेचा अभ्यास करणाऱ्याने आपल्याच हाताने चिंता वाढवू नये, एवढं साधं आहे. चाचणी घेणारी व्यक्तीही शेवटपर्यंत एकच ठेवा. २०१४ मध्ये मॉन्ट्रियलच्या एका गटाने दाखवलं की खोलीत पुरुषाचा नुसता वास असला तरी उंदरांचा ताण वाढतो. अत्तर, सुगंधी तेल लावून प्राणीगृहात जाऊ नका. लग्नसराईत शेजारच्या मंगल कार्यालयात बँड वाजत असेल तर त्या दिवशी चाचणी नकोच.

गटात ६ उंदीर कमी पडतील. वागणुकीच्या चाचण्यांत एकाच गटातले आकडे फार विखुरतात. ८ ते १० घ्या. चिंतेसाठी ५ गट (कंट्रोल, डायझेपाम आणि अर्काच्या तीन मात्रा), प्रत्येकी ८, म्हणजे ४० आणि नैराश्यासाठी आणखी ४०. संख्या मोठी वाटते, पण ६ घेऊन काहीच न ठरणं म्हणजे सगळेच प्राणी वाया घालवणं. प्राणी वाचवायचेच असतील तर एक मात्रा कमी करा. कोणता उंदीर कोणत्या गटात हे सोडतीने ठरवा आणि एका पिंजऱ्यात सगळे एकाच गटाचे ठेवू नका. प्रत्येक चाचणीचं चित्रीकरण करा. फाइलींना क्रमांक दुसऱ्याच कोणाकडून द्यायला लावा आणि स्टॉपवॉच हातात घेणाऱ्याला गट माहीत असू नये. माझ्या अनुभवात आपल्याकडच्या प्रबंधांत सर्वात जास्त ही एकच गोष्ट राहून जाते, आणि निश्चलतेसारखा डोळ्यांनी ठरवायचा आकडा त्यामुळे नकळत आपल्या आशेकडे झुकतो. विश्लेषणाला सगळ्या गटांच्या सरासऱ्या एकत्र तपासणारी वन-वे अनोव्हा आणि कंट्रोलशी तुलना करणारी डनेट चाचणी पुरेशी आहे. मुख्य मोजमाप कोणतं हे आधीच लिहून ठेवा.

परिणाम मिळालाच आणि वेळ असेल तर यंत्रणेकडे एक पाऊल टाका. फ्लुमाझेनिल, म्हणजे डायझेपामच्या जातीच्या (बेंझोडायझेपिन) औषधांचा परिणाम अडवणारं औषध, आधी देऊन अर्काचा परिणाम पुसला जातो का बघा. पुसला गेला तर गाबा-ए रिसेप्टरवरच्या बेंझोडायझेपिनच्या जागेकडे बोट दाखवता येतं. एवढी एक जोड नुसत्या ‘गाबाद्वारे असू शकेल’ या वाक्यापेक्षा खूप वजनदार ठरते. परिणाम नाही मिळाला तर तसंच लिहा. नीट केलेल्या चाचणीतला नकार पुढच्या विद्यार्थ्याचे ४० उंदीर वाचवतो. आणि निकाल काहीही येवो, घरी-गावात कोणी विचारलं तर उंदरांवरच्या कामाच्या जोरावर कोणाच्या नैराश्याच्या गोळ्या बंद होणार नाहीत, असं बोला. गोळ्या अचानक सोडल्याचे परिणाम वाईट असतात.

समितीच्या अर्जाचं तुम्ही शेवटी विचारलं होतं. फॉर्म बीमध्ये, म्हणजे प्रयोगाच्या मंजुरीच्या अर्जात, समिती, आणि सीसीएसईएचा (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीचा) प्रतिनिधी विशेषकरून, तीन गोष्टी शोधतो: ही संख्या का, ही चाचणी का, आणि प्राण्याला त्रास झाला तर कुठे थांबणार. तिसऱ्या रकान्यात बहुतेक जण ‘लागू नाही’ लिहितात आणि अर्ज परत येतो. तिथे नेमकं लिहा. टांगलेल्या उंदराच्या शेपटीला इजा दिसली किंवा पट्टी सुटली तर लगेच उतरवणार. पोहण्याची चाचणी ठेवलीतच तर नाक पाण्याखाली गेलं की त्याच क्षणी बाहेर काढणार, टॉवेलने पुसून उबेत ठेवणार. दीर्घ ताणाच्या प्रयोगात वजन पहिल्यापेक्षा २० टक्क्यांनी घटलं तर त्या प्राण्याला प्रयोगातून काढणार आणि पशुवैद्यकाला दाखवणार. वजनासाठी रोजचा तक्ता अर्जाला जोडा आणि शनिवार-रविवारी प्राण्यांकडे कोण बघणार त्याचं नावही लिहा.